मथळ्याची खूण



कायद्याचा संदर्भग्रंथ सहसा कोणी आरंभापासून अखेरपर्यंत वाचत नाही. त्यात शोध घ्यावा लागतो. त्या शोधाची वाट प्रकरणांच्या मथळ्यांवरून जाते.

काचीगुड्याच्या वाचकांना यासाठी दूरचे उदाहरण नको. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ही टीका चालुक्य विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६–११२६) कल्याणीस रचली गेली. ते कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. मूळ ग्रंथाचे अध्याय तीन: आचार, व्यवहार व प्रायश्चित्त. त्यातील दायविभागाचे इंग्रजी भाषांतर हेन्री टॉमस कोलब्रुक यांनी १८१० साली कलकत्त्यास प्रसिद्ध केले आणि संदर्भाच्या सोयीसाठी त्याची प्रकरणे, पोटविभाग व परिच्छेद स्वतः पाडले. पुढे न्यायालये याच अंकांनी मिताक्षरेचे दाखले देऊ लागली. वारसाहक्काच्या कित्येक निवाड्यांत ते आढळतात.

असा ग्रंथ संगणकावर आणताना मथळा नुसता ठळक केला, तर यंत्राच्या लेखी ती केवळ जाड अक्षरे. ‘हे प्रकरण’, ‘हा पोटविभाग’ अशी पातळीची खूण दिली, तरच अनुक्रमणिका आपोआप सिद्ध होते आणि मजकूर ऐकून वाचणारा अंध वाचकही हव्या त्या प्रकरणाशी थेट पोहोचतो. मात्र मुळातील अध्याय आणि कोलब्रुक यांचे प्रकरण यांना एकच खूण देऊ नये. तसे केल्यास भाषांतरकाराची मांडणी विज्ञानेश्वराच्या नावे जमा होते. आणि कोलब्रुक यांचे अंक गाळल्यास जुन्या निवाड्यांतील दाखले निराधार होतात. दोन्ही राखावेत, पण वेगवेगळ्या खुणांनी.

शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या संस्थेने पुढील पिढीच्या हाती पाने सोपवावीत, तशाच त्या पानांतील वाटाही सोपवाव्यात.