मूत्रपिंडांची काटकसर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शरीरशास्त्रावर ही काय बोलणार, असे तुम्हांस वाटेल. पण गेल्या वैशाखात आमच्या घरी जे घडले, त्यामुळे हा विषय मला डॉक्टरांकडून समजून घ्यावा लागला.

धुळ्याचे लग्न आटोपून आम्ही जळगावास परतलो. आपल्याकडचे ऊन तुम्हांस सांगायला नको. पारा ४५ अंशांवर जातो. रात्री सासूबाईंना जुलाब व उलट्या सुरू झाल्या. मी त्यांना तांब्यामागून तांब्या साधे पाणी पाजले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या पायांत पेटके आले, त्या असंबद्ध बोलू लागल्या, मला ओळखीनात. दवाखान्यात रक्त तपासले, सलाईन लावले. डॉक्टर म्हणाले, "पाणी पुष्कळ पाजलेत बाई, पण मीठ कोठे दिलेत? रक्तातले मीठ उतरले आहे."

सासूबाई सावरल्यावर मी त्यांना सारे विचारले. ते माझ्या भाषेत सांगते.

दिवाळीला आपण मांडणीवरची सारी भांडी खाली काढतो आणि हवी ती पुसून पुन्हा वर लावतो. मूत्रपिंडे हेच काम रात्रंदिवस करतात. दोहोंत मिळून सुमारे २० लाख बारीक गाळण्या असतात व प्रत्येकीला एक नळी. दिवसाकाठी रक्तातून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. त्यात दीड किलोच्या आसपास मीठ असते. आमच्या घरी एवढे महिनाभर पुरते! लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते. बाकीचे नळ्या परत घेतात. गाळलेल्या सोडियमचे १०० भाग धरले, तर सुमारे ६५ पहिल्याच भागात परत येतात, २५ पुढे अंबाड्याच्या आकड्यासारखे वळण आहे तेथे, उरलेले शेवटी. बाहेर जातो जेमतेम एक. मिठामागे पाणीही येते. शेवटचा हिशेब मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीचा रस ठरवितो. तो सोडियम आत घेववितो व पोटॅशियम बाहेर घालवितो.

पण जुलाबावाटे गेलेले मीठ मूत्रपिंडे कोठून आणणार? ती राखतात, निर्माण करीत नाहीत. शिवाय अशा वेळी शरीर पाणी धरून ठेवते. वर मी साधे पाणी ओतत राहिले, म्हणजे फोडणीचे वरण पातळच करीत गेले.

१९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला. बंगालातील बनगाव येथे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खायचा सोडा घातलेले पाणी पाजून पुष्कळ रोगी वाचविले. साखर आतड्यात मिठाला सोबत घेऊन आत शिरते. मूत्रपिंडाच्या नळीतही ही जोडी अशीच परत येते.

औषधाच्या दुकानातली पुडी उत्तम, कारण तीत पोटॅशियमही असते. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. अंदाजाने मूठभर मीठ टाकू नये. घोट घोट पाजावे, आणि माणूस सुस्तावला तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

ज्यांची मूत्रपिंडे आधीच अधू आहेत, त्यांना मात्र हे सारे डॉक्टरांना विचारूनच द्यावे. त्यांच्या शरीरात पोटॅशियम साठते. आपल्या रावेर-यावलकडचे केळेसुद्धा, आजाऱ्याला चांगले म्हणून, त्यांच्या हाती विचारल्यावाचून देऊ नये.