टाकळघाटची वाट आणि देवाचं आधीच जाणणं



आपण आज मिहानमध्ये जिथे बसलो आहोत तिथून वर्धा रोडनं निघालं, खापरी-जामठा मागे टाकलं, की बुटीबोरी लागतं. तिथून आत टाकळघाट. 4 सप्टेंबर 1863 च्या संध्याकाळी या टाकळघाटाकडून बोरीच्या मुक्कामावर एक घोडा एकटाच परत आला. पाठीवर स्वार नव्हता. माणसं शोधायला धावली, तेव्हा वाटेतल्या भरलेल्या पाण्यात स्टीफन हिस्लॉप यांचा देह सापडला. चार दिवसांनी त्यांना सेहेचाळीस वर्षं पूर्ण झाली असती.

हिस्लॉप आपल्याला कॉलेजच्या नावापुरते माहीत असतात. 1845 मध्ये ते नागपुरात आले, पुढच्याच वर्षी शाळा काढली. या भागातले जीवाश्म त्यांनी गोळा केले आणि त्यांची नोंद केली. गोंड समाजाबद्दलची त्यांची टिपणं त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये, इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी छापली. त्या दिवशी ते टेंपल यांच्याबरोबरच टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेले होते. विदर्भातल्या अशा वर्तुळांखाली पुढे उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडेही सापडले. परतताना टेंपल पुढे गेले. हिस्लॉप एक गावशाळा बघायला मागे थांबले. तेवढ्यात पावसानं पाणी चढलं.

हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. 1843 मध्ये साडेचारशेहून अधिक पाळक सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले आणि ही मंडळी उभी राहिली. तिचा आधार म्हणजे 1646 साली लिहिला गेलेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात म्हटलं आहे की जे काही घडतं ते सगळं देवानं अनादी काळापासून ठरवलेलं आहे. कोणाचं तारण व्हायचं, तेही. त्याच परंपरेतल्या लहान प्रश्नोत्तरीत 107 प्रश्न आहेत, आणि सातवाच प्रश्न देवाच्या या निर्णयांबद्दल आहे. स्कॉटलंडमधली पोरं ती पाढ्यांसारखी पाठ करत.

मग त्या संध्याकाळी पाणी चढणार, हेही ठरलेलं होतं का? शाळेपाशी थांबणं? घोडा पाण्यात घालणं?

आपल्या कानाला हा प्रश्न नवा नाही. पाचवीच्या रात्री पाटापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवणारी आपली घरं. सटवाई कपाळावर लिहून जाते, ते पुसत नाही. म्हणून ‘देवानं आधीच नेमलं’ असं कुणी म्हटलं की मराठी माणूस मान डोलावतो, म्हणतो, कळलं, नशीब. पण इथे गफलत होते. प्रारब्धाच्या विचारात मी जे भोगतो ते माझंच मागचं देणं असतं. हिशेब माझा, वहीही माझीच. पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, नवव्या अध्यायात, नेमका हा हिशेबच बाजूला ठेवला आहे. जुळी मुलं अजून जन्मलेली नाहीत, बरंवाईट काही केलेलं नाही, आणि निवड होऊन गेली आहे. इथे माणसाच्या पदरी कमाई नाहीच. ज्याला मिळालं त्याला फुकट मिळालं. याला ‘कृपा’ म्हणतात, आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टिन याच एका शब्दासाठी पेलागियसशी भांडला. कॅल्विननं तोच धागा शेवटपर्यंत ओढला.

या ठिकाणी नागपूरच्या माणसानं थबकलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ‘तुझा जन्मच तसा ठरलेला आहे’ हे वाक्य या मातीत कुणी कुणाला ऐकवलं आणि कशासाठी ऐकवलं, हे आपल्याला ठाऊक आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला याच शहरात लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेऊन ते वाक्य झुगारून दिलं. पूर्वनियोजनावर बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसानं ही गोष्ट विसरून तोंड उघडू नये.

बरं, जाणणं वेगळं आणि ठरवणं वेगळं, असं म्हणून सुटका होते का? सहाव्या शतकात तुरुंगात मरणाची वाट पाहत असताना बोएथियसनं हीच वाट काढली. देवाला काल-आज-उद्या नाही. आपल्याला जे पुढचं वाटतं ते त्याला समोर दिसतं. आणि नुसत्या दिसण्यानं काही घडत नाही. माणूस रस्त्यानं चाललेला मला दिसला म्हणून मी त्याला चालवलं असं होत नाही.

उत्तर सुंदर आहे, पण इथे विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्यांना त्यातली फट लगेच दिसेल. टॉवरमध्ये बसलेल्या माणसाला दोन विमानं एकाच वाटेवर येताना दिसली आणि तो गप्प बसला, तर ‘मी फक्त बघत होतो’ हे त्याचं म्हणणं आपण ऐकून घेणार नाही. बोएथियसनं माणसाचं स्वातंत्र्य वाचवलं. देवाचं चांगुलपण मात्र तसंच उघड्यावर राहिलं.

आपल्या भाषेच्या इतिहासाला हा वाद अगदी जवळून चाटून गेला आहे. 1588 मध्ये लुईस द मोलिना या जेझुइटानं मधला मार्ग मांडला: कोणत्या प्रसंगात कोण काय करील हेही देवाला ठाऊक आहे, आणि ते जाणूनच त्यानं हे जग घडवलं. शाळा दिसली तर हिस्लॉप थांबतील, स्वतःच्या मनानं थांबतील, हे देवाला माहीत. डॉमिनिकन पंथीयांनी यावर रोममध्ये वर्षानुवर्षं वाद घातला. 1607 मध्ये पोपनं निकाल न देता दोघांनाही एकमेकांना पाखंडी म्हणायची बंदी केली. त्याच काळात मोलिनाच्याच संघाचा एक माणूस, थॉमस स्टीफन्स, गोव्यात साष्टीच्या गावांत राहून मराठीत ओव्या रचत होता. 1616 मध्ये राशोलला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं.

आता नागपूरचीच दुसरी गोष्ट. 1893 च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर, धर्मावर बोलणं झालं. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि सांगितलं की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते अशक्य वाटलं. पुस्तक वाचीन एवढा शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतलं, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मंडळ्यांमध्ये ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगतात. मला ती तशी सांगवत नाही. डब्यातल्या त्या माणसानं समोरच्याची तहान ओळखली. तेवढी ओळख माणसालाही होते. मला त्या गोष्टीत भावतात ते मधले दिवस. टिळकांना ओढ होती, भीती होती, घर तुटणार हे दिसत होतं, आणि पाऊल त्यांनाच टाकायचं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर कुणी भाकीत सांगितलं नव्हतं. त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, सोवळंओवळं एकेक करून स्वतःच्या हातानं सोडलं, आणि 1900 मध्ये स्वतःच्या पायांनी आल्या. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कुठेही असं वाटत नाही की ही बाई आधी लिहिलेलं काही गिरवते आहे.

एक घरची गोष्ट सांगतो. मी अकरा वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ विहिरीत बुडून गेला. ओसरीवर शेजारपाजारचे बसले होते, ते म्हणाले, तेवढंच आयुष्य घेऊन आला होता. उपासनामंदिरातले आले, ते म्हणाले, देवाची योजना होती. दोघांच्याही मनात माया होती. आई भिंतीला टेकून त्याचा शाळेचा सदरा घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती. तिनं कुणालाच उत्तर दिलं नाही. पुढे सात-आठ वर्षांनी उपासनेत साक्ष द्यायला ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘त्या दिवसांत मी प्रार्थना केली नाही. मला येतच नव्हती. तरी त्यानं मला सोडलं नाही. मला धरून ठेवायचं त्यानं आधीच ठरवलं असणार.’ भावाबद्दल ती बोलली नाही.

वाक्य तेच होतं. ओसरीवर ते दगडासारखं पडलं होतं. आईच्या तोंडून आलं तेव्हा मला ते पहिल्यांदा खरं वाटलं. मी आज जे सांगायला आलो आहे ते एवढंच आहे. हे बोलणं मागे वळून, स्वतःबद्दल आणि कृतज्ञतेनं करायचं असतं. पौलही तसंच बोलतो. तो मंडळीचा छळ करायला निघालेला माणूस होता आणि वाटेत धरला गेला. दुसऱ्याच्या दुःखावर ते बोट ठेवून वाचायला घेतलं की त्याचं सटवाईचं लिखित होतं, आणि दुसऱ्याच्या जन्मावर वाचलं की जुलूम होतो.

त्या कडक विश्वासनाम्यालाही याची जाण आहे. तिसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस बजावलं आहे की हे गूढ फार जपून हाताळावं. त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट आहे, जी टीकाकार बहुधा वाचत नाहीत: देवाच्या निर्णयानं माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही, आणि जगातली कारणं खोटी ठरत नाहीत. पाऊस खरा, उशीर खरा, शाळेपाशी थांबणं खरं. हे दोन्ही एकत्र कसं बसतं, ते तिथे उलगडून सांगितलेलं नाही. मलाही सांगता येत नाही.

पण हिस्लॉप जगले कसे ते दिसतं. सगळं ठरलेलं आहे असं मानणारा हा माणूस अठरा वर्षं उन्हातान्हात दगड फोडत हिंडला, मराठी शिकला, शाळांमागे धावला. आणि त्या दिवशी वर्तुळं बघून झाली होती, आभाळ भरलेलं होतं, सोबतचे अधिकारी पुढे निघाले होते. तरी एका खेड्यातली पोरं काय शिकताहेत ते बघायला ते घोड्यावरून खाली उतरले.