ब्रेकची नळी गळते तेव्हा

नोएडात जुनी व्हॅन घेतली. तिसऱ्या दिवशी ब्रेकचं पेडल खोल गेलं; मागे नात बसली होती. गाडी तिथेच उभी केली. मागच्या चाकाजवळ बुळबुळीत ओल, नळी गंजलेली.

मेकॅनिक म्हणाला, "साब, सील लगा देता हूँ." मी नाही म्हणालो. ब्रेक दाबला की नळीत प्रचंड दाब येतो. तिथे लेपाचा भरवसा नाही. गाडी टो केली, नळी बदलली, झाकणावर लिहिलेलं डॉट ३ ऑइल भरलं, चारही चाकांतली हवा काढली.

फौजेत रोज 'फर्स्ट परेड'ला गाडी तपासायचो. निवृत्तीनंतर मीच ते सोडलं होतं. तुम्ही सोडू नका. ऑइलची पातळी अचानक उतरली, तर नुसतं भरू नका, गळती शोधा.