आगीनंतर वीस वर्षांनी आलेला खोकला

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त एप्रिल २०२४ मध्ये आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही फायर स्टेशनच्या क्वार्टर्समधल्या बायका बोलतोय. कुणाचा नवरा बंबावर आहे, कुणाचा मुलगा, कुणाचे वडील होते. दर वर्षी १४ एप्रिलला आमच्या आवारात सकाळी परेड होते आणि हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापूसही होता आणि दारूगोळाही. विझवायला गेलेले ६६ जवान स्फोटात गेले. म्हणून हा सप्ताह पाळतात.

आगीत जे गेले त्यांची नावं दगडावर कोरलेली असतात. आज आम्हाला बोलायचं आहे ते आग विझवून घरी आलेल्यांबद्दल. जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीवर गेले, रीतसर निवृत्त झाले आणि मग कधीतरी धाप लागायला लागली, अशांबद्दल.

आमच्या भिशीत एक काकू आहेत. काका १९७२ साली भरती झाले, २००३ साली निवृत्त झाले. एकतीस वर्षं नोकरी. २०१८ मध्ये त्यांना कोरडा खोकला सुरू झाला. जिना चढताना दोनदा थांबायला लागले. आधी दम्याचं औषध झालं, मग टीबीचं. शेवटी छातीत पाणी झालं म्हणून मोठ्या रुग्णालयात नेलं, तिथे तुकडा काढून तपासला आणि मेसोथेलिओमा हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. फुप्फुसाभोवती जे पातळ आवरण असतं, त्याचा कर्करोग. डॉक्टरांनी विचारलं, “हे ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात होते का?” काकू म्हणाल्या, “नाही हो, हे बंबावर होते.” डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. केसपेपरवर व्यवसाय या रकान्यात लिहिलं, ‘निवृत्त’. २०२१ मध्ये काका गेले.

आता ॲस्बेस्टॉस म्हणजे काय? हा दगडच, पण धाग्याधाग्यांचा. जळत नाही, म्हणून एके काळी त्याला फार मान होता. आगीपासून वाचायला तो भिंतींवर फवारत, पाइपांना गुंडाळत, ब्रेकमध्ये घालत. बंबवाल्यांचे जुने हातमोजे आणि सूटसुद्धा त्याचेच असायचे. काकांचे तसे हातमोजे काकूंनी कित्येक वर्षं गरम पातेली उतरवायला वापरले! आपल्याकडे तो सगळ्यात जास्त दिसतो सिमेंटच्या पत्र्यात. गोठा, गोदाम, कारखान्याची शेड, झोपडी, कुठेही वर बघा. पत्रा नुसता डोक्यावर असतो तोवर धागे सिमेंटमध्ये धरून राहतात. आग लागली की हाच पत्रा तडतडून फुटतो, त्याचे तुकडे उडतात आणि धागे मोकळे होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासातून आत गेलेले धागे वर्षानुवर्षं तिथेच राहतात. आजार वर यायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं लागतात.

आमच्या घरातले पुरुष सांगतात, ज्वाळा असतात तेव्हा तोंडावर मास्क असतो, पाठीवर सिलिंडर असतो. खरी गडबड होते ती नंतर, कूलिंगच्या वेळी. आग विझलेली असते, माणूस दमलेला असतो, सिलिंडर संपलेला असतो. मास्क काढून तीन-चार तास ढिगारा उपसायचा, फुटके पत्रे बाजूला करायचे. जुन्या लोकांच्या वेळी तर मास्कही मोजकेच. तोंडाला ओला रुमाल बांधला की झालं.

आणि ते कपडे धुवायचं कोण? आम्हीच. आधी अंगणात झटकायचे, मग भिजत घालायचे. काकू म्हणतात, झटकताना उन्हात धूळ चमकायची. १९६५ साली लंडनमधल्या डॉक्टरांनी या आजाराच्या रोग्यांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यांत कारखान्यात कधीच न गेलेल्या बायकाही निघाल्या. घरच्या माणसाचे कामाचे कपडे धुणाऱ्या. तेव्हा मैत्रिणींनो, ते कपडे झटकू नका. सरळ पाण्यात टाका, वेगळे धुवा, लेकरांच्या कपड्यांत मिसळू नका. खरं तर ते घरी यायलाच नकोत, स्टेशनवरच धुतले जायला हवेत, ही आमची मागणी आहे.

काकांच्या मागे काकूंनी कार्यालयात अर्ज केला. उत्तर आलं त्यात तीन गोष्टी होत्या. एक, निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. दोन, ते विडी ओढत. तीन, नेमक्या कोणत्या आगीत ॲस्बेस्टॉस होतं ते पुराव्यासह सांगावं.

विडी ओढत हे खरं आहे, आम्ही लपवत नाही. विडी आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो, हेही खरं. पण मेसोथेलिओमा विडीने होत नाही. तो मुद्दा तिथेच संपायला हवा होता. अडचण तिसऱ्या प्रश्नाची आहे. एकतीस वर्षांत माणूस हजारो वर्द्यांवर गेला, त्यातली कोणती आग सांगायची? जळालेली गोदामं आता राहिलीत कुठे?

हाच प्रश्न दुसऱ्या देशांतल्या बंबवाल्यांपुढेही आला होता. त्यांनी काय केलं ते वकीलताईंनी आम्हाला समजावून सांगितलं. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताने २००२ साली कायद्यात गृहीतक आणलं. म्हणजे असं की, ठरावीक वर्षं आगीवर काम केलेल्या माणसाला ठरावीक कर्करोग झाला, तर तो कामामुळेच झाला असं धरून चालायचं. तसं नाही हे सिद्ध करायचं असेल तर मालकाने करावं. ऑस्ट्रेलियात २०११ साली केंद्र सरकारच्या कायद्यात अशा बारा कर्करोगांची यादी आली. मेंदूच्या कर्करोगासाठी पाच वर्षांची नोकरी हवी, मूत्राशयाच्या कर्करोगासाठी पंधरा. यादीत स्तनाचा कर्करोगही आहे, तिथे बायकाही बंबावर असतात. कोणत्या तारखेची कोणती आग, हे विधवेला कुणी विचारत नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट तर तुम्हाला अर्धी माहीतच आहे. ११ सप्टेंबर २००१ ला दोन मनोरे पडले, त्या दिवशी तिथले ३४३ अग्निशामक गेले. एका मनोऱ्याच्या खालच्या मजल्यांवर पोलादाला आगीपासून वाचवायला ॲस्बेस्टॉस फवारलेलं होतं. ते सगळं, सिमेंट आणि काचेच्या पुडीबरोबर, शहरभर पसरलं. आठवड्याभरात सरकारी पर्यावरण खात्याच्या प्रमुख बाईंनी सांगितलं, हवा श्वास घ्यायला सुरक्षित आहे. जवान महिनोन्‌महिने ढिगाऱ्यावर राबले. मग आजार सुरू झाले. नुकसानभरपाईचा पहिला निधी तोवर बंद झालेला होता. २०११ च्या सुरुवातीला नवा कायदा झाला, तोही मुदतीचा. २०१५ मध्ये मुदत वाढवली. २०१९ मध्ये पैसे कमी पडले म्हणून नव्या दाव्यांची रक्कम सत्तर टक्क्यांनी कापायचं ठरलं. तेव्हा आजारी माणसं स्वतः संसदेत जाऊन बसली. लुईस अल्वारेझ नावाचे पोलीस अधिकारी कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेत साक्ष द्यायला गेले आणि त्याच महिन्यात वारले. जुलैमध्ये कायदा झाला, आता दावे २०९० पर्यंत करता येतात. आज जन्मलेलं मूल तेव्हा साठी ओलांडेल! उशिरा येणाऱ्या आजाराला मुदतही तेवढीच लांब हवी, हे त्यांना अठरा वर्षांनी पटलं. आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या दलाने सांगितलं की नंतरच्या आजारांनी गेलेल्यांची संख्याही ३४३ झाली.

आता आपल्याकडचा कायदा. हे जरा सावकाश ऐका, वही असेल तर घ्या.

१९२३ सालचा कामगार नुकसानभरपाई कायदा होता. २०१० पासून त्याला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणत. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कोण कोण कर्मचारी धरायचे त्यांची यादी होती आणि तिच्यात अग्निशमन दलात काम करणारे, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायामुळे होणारे आजार होते. त्यात ॲस्बेस्टॉसिस होता, ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग होता आणि मेसोथेलिओमाही होता. दोन्ही याद्यांत आपण होतो! ही माहिती मिळाली त्या दिवशी काकूंनी भिशीत सगळ्यांना चहा पाजला.

पण पुढे गोम होती. दावा करायचा दोन वर्षांच्या आत, आजार उघड झाल्यापासून किंवा मृत्यूपासून. आणि नोकरी सोडल्यावर आजार दिसला तर? त्यासाठी कलम दहामध्ये तरतूद होती, तीही नोकरी संपल्यावर दोन वर्षांत लक्षणं दिसली तर. वीस-तीस वर्षांनी येणाऱ्या आजाराला दोन वर्षं! हा कायदा लिहिताना हात तुटणं, बोट जाणं हे डोळ्यांसमोर असणार. एक दार मात्र उघडं होतं. पुरेसं कारण दाखवलं तर उशिरा आलेला दावाही आयुक्त ऐकू शकत. काकूंच्या वकीलताई त्याच दारातून गेल्या आहेत. मृत्यूपासून दोन वर्षं संपायच्या आत अर्ज दाखल केला आणि उशिराचं कारण लिहिलं, की आजाराचं स्वरूपच उशिराचं आहे.

ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हे ओळखलं होतं. कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सोडल्यावर पंधरा वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवा, असा आदेश दिला. आजारी ठरलेल्या कामगाराला एक लाख रुपये द्यायलाही सांगितलं. तो निकाल कारखान्यांसाठी होता. तोच पत्रा जळाल्यावर उपसणाऱ्या माणसाची तशी नोंद व्हायला नको का?

आणि २०२२ च्या जूनपासून आपल्या हातात एक मोठा कागद आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये आहे. तिने आग विझवण्याचं कामच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. दोन कर्करोगांबाबत पुरावा पुरेसा आहे असं म्हटलं: मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा. काकूंच्या फाइलला तो जोडला आहे.

पैसे किती मिळतात, हे सगळ्याच विचारतात. पगार त्याहून जास्त असला तरी हिशेबाला महिना पंधरा हजारच धरत, २०२० पासून. मृत्यू झाला तर त्याच्या निम्मे, म्हणजे साडेसात हजार, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पन्नासाव्या वर्षी गेला तर तो आकडा १५३.०९ होता, म्हणजे ११ लाख ४८ हजार १७५ रुपये. पासष्टीपुढे सगळ्यांना ९९.३७. म्हातारपणी येणाऱ्या आजाराला कमीत कमी रक्कम, हेही त्यातच आलं. रक्कम थकवली तर बारा टक्के व्याज होतं.

दोन फसवणुकी सांगून ठेवतो. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते, आपल्याकडे हे काम कामगार न्यायालयात चालतं. कुणी घरी येऊन रोख दिली तर ती कायद्याने भरपाई धरली जात नाही. आणि ‘आमचा काही दावा नाही’ अशा कागदावर सही घेतली असेल तरी तो करार कायद्याने रद्द आहे. सही झाली म्हणून घाबरून बसू नका.

कपडे धुणाऱ्या बायकोला आजार झाला तर? ती कर्मचारी नाही, म्हणून या कायद्यात ती नाही. तिला दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता. याबद्दल आम्हाला राग आहे, तो इथे बोलून ठेवतो.

वकिलाची फी कुठून आणायची म्हणून गप्प राहू नका. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जायचं. १५१०० वर फोन केला तरी चालतो.

कागदांचं मात्र आपल्यालाच बघावं लागतं. घरचा माणूस नोकरीत आहे तोवरच एक वही करा. कोणत्या स्टेशनला कधीपासून कधीपर्यंत, मोठ्या आगी कोणत्या, बरोबर बंबावर कोण होतं. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर चिकटवा. रुग्णालयात गेलात की केसपेपरवर ‘निवृत्त’ लिहू देऊ नका, ‘अग्निशमन दलात एकतीस वर्षं’ असं लिहून घ्या. डॉक्टर घाईत असतात, तरी म्हणा. छातीचे जुने एक्स-रे रद्दीत घालू नका. तुकडा काढून तपासला असेल तर अहवालाची प्रत घ्या आणि काचपट्ट्या व मेणाचा ठोकळा कुठे ठेवलाय ते विचारा. काकांच्या वेळी तो ठोकळा मिळाला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता आलं.

काकांबरोबर बंबावर असलेले दोघे जण अजून आहेत. एकाला ऐकू कमी येतं, पण १९८० च्या दशकातल्या गोदामांच्या आगी त्यांना ओळीने आठवतात, पत्रे कुठे फुटले तेसुद्धा. दोघांनीही प्रतिज्ञापत्र दिलं आहे.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे तो अजून बाहेरून येतो आणि पत्रे बनतात, विकले जातात. तेव्हा आज भरती होणाऱ्या पोरांचा हिशेब २०५० च्या पुढे लागायचा आहे.

काकूंची पुढची तारीख जूनमध्ये आहे. आम्ही सहा-सात जणी बरोबर जाणार आहोत. आणि येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता क्वार्टर्सच्या बालवाडीत बसतोय, वह्या भरायला. ज्यांच्या घरी पेन्शनचं पुस्तक आणि जुने एक्स-रे आहेत, त्यांनी घेऊन या. चष्मा विसरू नका, अक्षरं बारीक असतात.