खपलीची खीर येते, मग हेही येईल

इटलीचं जेवण म्हणजे नुसता पिझ्झा नव्हे. आपल्या खपलीच्याच जातीचा गहू तिकडे ‘फार्रो’ म्हणून पिकतो. गार्फान्याना या डोंगरी भागात बायका त्याचं घट्ट सूप करतात. आम्ही गटात पहिला धडा त्याचाच घेतला.

सडलेली खपली नि वाघ्या घेवडा रात्री वेगवेगळे भिजवा. सकाळी घेवडा चांगला शिजवून घोटा. तेलात कांदा, गाजर, लसूण मंद आचेवर मऊ करा, लाल नको. त्यात खपली, घेवडा, पाणी, मीठ घालून दाणा मऊ होईपर्यंत शिजवा. चटणी-मसाला नाही; चव दाण्याचीच.

टरफल घट्ट, सडायला कष्ट, म्हणून खपली शिवारातून मागे पडली. एकट्या खिरीवर ती टिकायची नाही. ताटात दुसरा पदार्थ आला, तर घरात म्हणता येईल, “यंदा दोन सऱ्या खपलीच्या पेरू.”