विहिरीतला शंख टाकू नका

आपण तांदूळ निवडतो, तसे दगडांचे अभ्यासक दात निवडतात! समुद्रात बनलेला चुनखडक व्हिनेगरमधल्या आम्लात विरघळवायचा अन् उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचा. त्यात राईहून बारीक दात सापडतात. ते कोनोडॉन्टचे, म्हणजे वाम माशासारख्या लांबट प्राण्याचे. दातांना नाव मिळालं 1856 मध्ये, पण ते कुणाच्या तोंडातले हे कळायला 1983 उजाडलं. या दातांची घडण काळागणिक बदलली, म्हणून दात ओळखला की थराचं वय कळतं. हिमालयात स्पितीला ते मिळतात.

आपल्या यवतमाळात मात्र नाहीत. मुकुटबनचा चुनखडक दातवाले प्राणी जन्मण्याआधीचा. वणीचा कोळसा त्यांच्याच काळातला, पण गोड्या पाण्याच्या दलदलीतला. तिथं ग्लॉसोप्टेरिस झाडाच्या पानांचे ठसे वय सांगतात. अन् आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तोवर कोनोडॉन्ट केव्हाच संपले होते.

दोन लाव्ह्यांच्या मधे मात्र कुठंकुठं तळ्याचा गाळ दगड होऊन बसलाय. त्यात फायसा गोगलगाईचे शंख असतात. टोक वर धरलं की तोंड डावीकडे, हीच खूण.

विहीर खणताना असा शंख निघाला की आम्ही तो पोरांना खेळायला द्यायचो. चुकलंच ते. थरातून सुटलेला शंख नुसता शोभेचा. म्हणून तो दगडासकट ठेवा, किती फुटांवर, कोणत्या दगडाखाली निघाला ते चिठ्ठीवर लिहा, अन् जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्यांना दाखवा.