भुलाबाईच्या डब्यात चॉकलेटची भुतं



भाद्रपदाची पौर्णिमा आली की जळगाव-धुळ्याच्या गल्ल्यांमध्ये संध्याकाळी टिपऱ्यांचा आवाज येऊ लागतो. घरोघरी भुलाबाई बसते. काही गावांत तिला गुलाबाई म्हणतात. मातीच्या मूर्ती पाटावर मांडायच्या, मुलींनी या घरून त्या घरी जात गाणी म्हणायची आणि गाणी संपली की खाऊ ओळखायचा, असा हा कोजागरीपर्यंत महिनाभर चालणारा खेळ. खाऊ डब्यात झाकलेला असतो. घरची मुलगी डबा कानाशी नेऊन खुळखुळवते आणि बाकीच्या विचारत सुटतात: गोड की तिखट? तळलेला की भाजलेला? खोबरं आहे का? दाणे आहेत का? नेहमीच्या लाडू-चिवड्याची नावं संपेपर्यंत कुणाला ओळखता आलं नाही, तर त्या घरच्या मुलीची मान दुसऱ्या दिवशीही ताठ असते.

या डब्यात यंदा चॉकलेटची भुतं ठेवावीत, असं आजच्या भाषणाचं सांगणं आहे. वटवाघळं, चेटकिणीची बोटं, डोळे वटारलेले मुंजे. सगळे कोकोचे आणि सगळे घरात भाजलेले.

ही कल्पना मुलांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिलेली असते. ३१ ऑक्टोबरला आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये आणि तिथून गेलेल्या लोकांमुळे अमेरिकेत हॅलोविन साजरा होतो. मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात. आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत मोठा, कोरायला सोपा लाल भोपळा मिळाला आणि तोच या सणाची खूण झाला. तोच लाल भोपळा खानदेशात गंगाफळ म्हणून ओळखीचा आहे आणि पितरांच्या पानात त्याच्या भाजीला मान आहे. गेलेल्या माणसांची आठवण, कापणीचा हंगाम, लहान होत जाणारा दिवस आणि मुलांच्या हातावर खाऊ, या गोष्टी दोन्हीकडे याच दिवसांत एकत्र येतात. २०२० साली तर कोजागरी ३० ऑक्टोबरला आली होती, हॅलोविनच्या अगदी आदल्या दिवशी.

भीतीची गंमतही मराठी मुलांना नवी नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधल्या चिंची चेटकिणीला पाहून मुलांच्या पिढ्या किंचाळल्या आणि हसल्या. पिंपळावरचा मुंजा प्रत्येक गावाला माहीत आहे. भुताचं बिस्किट हातात घेऊन त्याचं डोकं कचकन तोडण्यात मुलांना जो आनंद होतो, तो खरा असतो. ज्याची भीती वाटते ते आपण खाऊन टाकलं, याचा तो आनंद.

आता अडचण उन्हाची.

पाश्चात्त्य देशांत हॅलोविन थंडीच्या तोंडावर येतो. तिथे चॉकलेट वितळवायचं, साच्यात ओतायचं आणि टेबलावर ठेवून द्यायचं, की ते आपोआप घट्ट होतं. जळगावात ऑक्टोबरच्या दुपारी पारा ३५ अंशांच्या आसपास असतो. चॉकलेटला आकार देणारं कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. म्हणून तर चॉकलेट जिभेवर विरघळतं, आणि म्हणूनच खानदेशच्या ऑक्टोबरात साच्यातलं भूत बघता बघता पसरतं. फ्रिजमध्ये ठेवून ते पुन्हा घट्ट केलं, तरी त्यावर पांढुरका थर येतो. तो थर बुरशीचा नसतो. वितळलेलं कोको बटर वर येऊन पुन्हा गोठलेलं असतं. खायला काही धोका नाही, पण चकाकी जाते आणि दाताखाली खडखडीतपणा राहत नाही.

यावर उत्तर १८२८ साली नेदरलँड्समध्ये निघालं. व्हॅन हाउटेन यांच्या कारखान्यात भाजलेल्या कोकोच्या बिया दाबून त्यातली बरीचशी चरबी काढणारं यंत्र तयार झालं. उरलेली पेंड दळली की कोको पावडर. चव आणि रंग जवळजवळ सगळा या पावडरीत राहतो, वितळणारी चरबी मात्र थोडीच उरते. पिठात कोको मिसळून भाजलेलं बिस्किट धुळ्याच्या बसमध्ये दुपारभर राहिलं तरी त्याचे कान-नाक जागेवर राहतात. उन्हाच्या गावात चॉकलेटचा खाऊ करायचा तर ओतण्यापेक्षा भाजणं शहाणपणाचं, ते यासाठी.

आणि भाजण्याची विद्या तर इथे आधीपासून आहे. दिवाळी जवळ आली की मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई घेऊन यायची, हे खानदेशातल्या कितीतरी घरांच्या सवयीचं आहे. नानकटाईचं नाव जोडलं जातं ते सुरतेशी, तिथल्या डच वखारीच्या बेकरीशी आणि ती पुढे चालवणाऱ्या पारशी दोटीवाला घराण्याशी. तापीकाठाने सुरतेहून जळगावकडे येणारी रेल्वे नंदुरबार, अमळनेर, धरणगाव अशी खानदेशातूनच धावते. चॉकलेटची भुतं म्हणजे या नानकटाईचीच नवी पिढी.

प्रमाण लिहून घ्या. रवाळ, थिजलेलं साजूक तूप १०० ग्रॅम आणि पिठीसाखर ९० ग्रॅम. दोन्ही हाताने पांढरं, हलकं होईपर्यंत फेसा. मग गव्हाचं पीठ किंवा मैदा १३० ग्रॅम, दादरचं पीठ ५० ग्रॅम, कोको पावडर २० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून त्यात घाला. दादर म्हणजे खानदेशातली रब्बीची ज्वारी. तिच्या पिठाने बिस्किट खुसखुशीत होतं. पण ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो, नुसत्या दादरची वटवाघळं पंखापाशी मोडतात, म्हणून गव्हाची जोड हवी. गोळा जमत नसेल तर चमचाभर दूध. सोडा आणि बेकिंग पावडर अजिबात नको. नेहमीच्या नानकटाईला फुगून तडे गेले तर ती सुंदर दिसते; भुताला मात्र फुगून चालत नाही, त्याचा चेहरा हरवतो.

गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ऑक्टोबरात तूप हातातच पातळ होतं आणि मऊ पिठाचे आकार भाजताना पसरतात. मग दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये अर्धा सेंटिमीटर जाड लाटा. साचे विकत आणायची गरज नाही. मुलांना पुठ्ठ्यावर वटवाघूळ, भूत, मांजर काढू द्या, पुठ्ठा पिठावर ठेवा आणि सुरीने कडेने कापा.

डोळ्यांसाठी सातपुड्याच्या जंगलातून येणारी चारोळी आहे. कच्च्या बिस्किटावर दोन दाणे दाबून बसवले की भूत थेट तुमच्याकडे बघतं. दातांना खोबऱ्याचे काप. चेटकिणीच्या बोटांसाठी पीठ करंगळीएवढं वळायचं, दोन ठिकाणी किंचित चिमटून पेरं काढायची, सुरीने सुरकुत्या ओढायच्या आणि टोकाला सोललेल्या शेंगदाण्याची पाकळी नख म्हणून दाबायची. याच दिवसांत नवा भुईमूग बाजारात येतो, तेव्हा नखं ताजी मिळतात. ज्या घरात कुणाला दाणे सोसत नाहीत, तिथे भोपळ्याच्या बीचं नख लावावं.

ओव्हन असेल तर १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. नसेल तर कुकर चालतो. तळाशी मिठाचा थर, त्यावर जाळी किंवा वाटी, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढलेली, पाणी अजिबात नाही. दहा मिनिटं कुकर तापू द्या, मग ताटली आत ठेवा आणि आच मंद करा. इथे एक सांभाळायचं. कोकोमुळे पीठ मुळातच काळसर असतं, त्यामुळे भाजलं की करपलं हे रंगावरून कळत नाही. नाकावर विश्वास ठेवा. चॉकलेटचा भरदार वास घरभर आला आणि कडा बोटाला घट्ट लागल्या की उतरवा. मधला भाग गरम असताना मऊच लागतो, निवल्यावर खुटखुटीत होतो. निवण्याआधी उचललं तर भूत कमरेतून मोडतं.

पांढऱ्या भुतांसाठी दुधाची पावडर आणि पिठीसाखर समभाग घेऊन थेंब थेंब दुधात कालवा आणि थंड बिस्किटावर चमच्याने पसरा.

ज्यांना केक हवा, त्यांच्यासाठी जळगावचं केळं आहे. रावेर-यावलच्या पट्ट्यातून देशभर जाणाऱ्या या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. साल काळी पडलेलं, कुणी हात न लावणारं केळं केकला सगळ्यात चांगलं, कारण पिकताना त्यातल्या पिष्टाची साखर झालेली असते. अशी दोन केळी कुस्करून त्यात ७५ ग्रॅम साखर, ५० मिलिलिटर तेल, १०० ग्रॅम कणीक, २५ ग्रॅम कोको आणि अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा घाला. दाट वाटलं तर थोडं दूध. १८० अंशांवर अर्धा तास. अंडं लागत नाही. निवलेल्या केकचा वरचा थर काट्याने उकरला की तो खानदेशच्या काळ्या जमिनीसारखा दिसतो. त्यात पिंपळपानाच्या आकाराचं बिस्किट उभं रोवा आणि त्याच्या आडून एक मुंजा डोकावू द्या.

घरात कुत्रं असेल तर डबा उंचावर ठेवा. कोकोतलं थिओब्रोमाइन त्याला विषासारखं बाधतं. माणसांसाठी ही बिस्किटं हवाबंद डब्यात दहा-बारा दिवस छान राहतात. केळ्याचा केक मात्र दोन दिवसांत संपवावा.

भट्टीवर भाजून घ्यायचं असेल, तर आकार कापलेली ताटं सकाळी लवकर न्या आणि तूप जास्त असल्याचं भट्टीवाल्यांना आधी सांगा. पाव निघाल्यावर आच उतरते, तेव्हाची मंद ऊब या बिस्किटांना मानवते. दिवाळीच्या आठवड्यात भट्टीपुढे रांगा लागतात. भुलाबाईच्या दिवसांत तेवढी गर्दी नसते, म्हणून कोजागरीच्या चार दिवस आधीचा मुहूर्त धरा. एक भूत भट्टीवाल्यांच्या मुलांसाठीही ठेवा. आणि डब्यात काय आहे, हे गाणी संपेपर्यंत घरातल्या लहानग्यांनी कुणाला सांगायचं नाही, एवढं त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्या.